तळाला बसलेलं

म्हातारी हौदाच्या काठावर येऊन उभी राहिली की तिथलं बोलणं आपोआप थांबायचं. आवाज चढवायची तिला कधी गरज पडली नव्हती. ती आधी पाण्याकडे बघायची, मग माणसाकडे बघायची, आणि ज्याच्या हातात काठी असेल तो ती पाठीमागे लपवायचा. त्या चुनाभट्टीवर आग तिच्या मुलाची होती, दगड मुकादमाचा होता आणि घाम सगळ्यांचा होता; हौद मात्र एकट्या म्हातारीचा. त्यात वाटेकरी नव्हता.

भट्टीतून भाजून निघालेली चुनखडी ती पाण्यात सोडायची. पाणी खदखदायचं, फुसफुसायचं, वाफेत समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं. त्या आवाजावरून दगड आतपर्यंत भाजलाय की नाही हे ती सांगायची, आणि सांगितलेलं सहसा चुकायचं नाही. मग खरं काम सुरू व्हायचं, म्हणजे काहीच न करण्याचं. हौद झाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही. दिवस गेले की वर स्वच्छ निवळी यायची, काचेसारखी. तिच्याखाली मऊ चुना, लोण्यासारखा, भिंतींसाठी. आणि अगदी तळाला कच, खडे आणि गाळ, अंगाला लागला तर कातडं सोलून नेणारा. हौद कुणी ढवळला की तिन्हींचं एक होऊन बसायचं आणि मग ते कशाच्याच कामाचं राहायचं नाही.

सुनेने हे एकदा केलं होतं. लग्न होऊन नवीनच आली होती, सासूबाईंना मदत करावी म्हणून तिने लांब काठी घेतली आणि हौद चांगला खालपासून घुसळून काढला. वर सासूला हाक मारून दाखवलाही. एक शिंतोडा नडगीवर उडाला होता, तो तिला नंतर कळला. म्हातारीने तिला ओढत पाण्याच्या पिंपाशी नेलं, पाय धुऊन धुऊन काढला, आणि धुताना एवढंच म्हणाली, "पाय होईल बरा. हौद नाही व्हायचा."

पाय बरा झाला. नडगीवर पांढरट चकती राहिली. त्यानंतर सून घमेली वाहायची, जळण ओढायची, भट्टीच्या तोंडाशी नवऱ्याबरोबर भाजून निघायची. पण हौदाच्या बाजूला गेली नाही. म्हातारीनेही तो विषय परत काढला नाही. काढायची गरजच नव्हती. काही सांगायचं झालं तर ती सुनेच्या नडगीकडे बघायची, की झालं.

मुलगा या दोघींच्या मधला. आगीसमोर उभं राहून त्याच्या भुवया कधीच्या गेल्या होत्या, त्यामुळे तो सतत नुकताच दचकल्यासारखा दिसायचा. माणूस कष्टाळू. फक्त त्याला चार गोष्टी सांगितल्या तर तीन करून यायचा, आणि त्या तीन इतक्या चोख की चौथीबद्दल विचारायचा कुणाला धीर होत नसे.

आणि भिंगरी. चार वर्षांची. उभी राहिली की स्वतःभोवती फिरायची, म्हणून भिंगरी. म्हातारीच्या हौदाला हात लावलेला चालेल अशी जगात कुणी असेल तर ती हीच. पण ती शहाणी होती, काठावर बसून फक्त पाय हलवायची.

भट्टी पेटलेली असताना भिंगरीला ताप आला.

पेटलेली भट्टी सोडून जाता येत नाही. ठरावीक वेळाने जळण घालावंच लागतं. पाळी चुकली तर आतला दगड अर्धा कच्चा राहतो आणि सगळ्यांची मेहनत मातीत जाते. त्यात आभाळ वेळीअवेळी भरून येत होतं. भाजलेल्या चुन्यावर पाऊस पडला की तो जागच्या जागी फुटतो, धुमसतो, आणि मग मुकादम येऊन कपाळावर हात मारतो, तोही दुसऱ्याच्या. मुकादम रोज येत होता. आभाळाकडे बोट करून जात होता, जणू ते यांनीच भरून ठेवलंय.

पोरीला घशात दुखत होतं, एक कान धरून ती रडत होती. सकाळची पाळी उरकल्यावर मुलगा तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितला, पोरीला काट्यावर उभं केलं. वजन बघून औषध लिहिलं. औषधवाल्याने नारिंगी रंगाच्या औषधाची बाटली दिली, सोबत एक छोटी पिचकारी, आणि पिचकारीवर पेनाने रेघ ओढून दिली. त्याला या माणसाच्या भुवया नाहीत हे दिसलं असावं, झोप नाही हेही दिसलं असावं, म्हणून त्याने सगळं सावकाश सांगितलं, आणि त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

मुलाने म्हणूनही दाखवलं. घरी येईपर्यंत त्यातलं बरंच शाबूत होतं.

"ताप आणि ठणका दोन्हीवर आहे," तो आईला म्हणाला. पोर खाली ठेवतानाच त्याचे डोळे भट्टीकडे लागले होते. "आधी बाटली हलवायची. मग या रेघेपर्यंत. उपाशीपोटी नाही, काहीतरी खाल्ल्यावर. दिवसातून तीनदा, त्याच्या वर नाही."

आणखी एक होतं. ते त्याला आठवेना. त्याने डोकं खाजवलं, मग जळणाची पाळी झाली म्हणून तो गेला. आठवलं तर सांगेन असं मनाशी म्हणाला असेल. भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर माणसाला फक्त आग आठवते.

पोरीला बघणं म्हातारीकडे आलं. हौद झाकलेला होता, तिचे हात रिकामे होते, आणि मुलगा-सून दोघंही आगीला बांधलेले. हे कुणी ठरवलं नाही, ठरवायची गरजच नव्हती.

तिने बाटली उचलून दारातल्या उजेडात धरली. दुकानातल्या फळीवर आणि मग घरातल्या कोनाड्यात उभी राहिल्याने औषध बसलं होतं. वर पातळ, पारदर्शक नारिंगी. खाली दाट, फिकट थर. म्हातारीच्या चेहऱ्यावर ओळखीचं समाधान आलं.

"बसलंय छान," ती म्हणाली.

सून पाणी प्यायला आत आली होती. तिने तांब्या खाली ठेवला. "आत्याबाई, हलवायला सांगितलंय ना."

"हलवायला."

"ते म्हणाले तसं."

"तो हौदाशी कधी आला नाही, त्याला काय कळतंय. आणि दुकानवाल्याला तर त्याहून नाही." म्हातारीने बाटली अलगद, एका बाजूला कलवून धरली, वरचं पाणी हलणार नाही अशी. "गाळ पोरीच्या पोटात घालू?"

सुनेने तोंड उघडलं. म्हातारीने तिच्या नडगीकडे बघितलं.

सून पाणी पिऊन बाहेर गेली. त्या घरात त्या दिवशी कुणाचं किती चुकलं याची वाटणी करायची झाली तर हा हिस्सा तिच्या नावावर टाकावा लागेल, आणि पुढे तिने तो स्वतःच टाकून घेतला. पण ती वाटणी करायला अजून वेळ होता.

म्हातारीने पिचकारीने वरचं स्वच्छ औषध ओढलं, बरोबर रेघेपर्यंत. पोरीला दोन घास भात भरवून मग पाजलं. हात इतका स्थिर की थेंब सांडला नाही. एवढ्या निगुतीने त्या घरात कुणी औषध पाजलं नव्हतं.

ताप उतरला नाही.

दुपारी पाजलं, संध्याकाळी पाजलं. दुसऱ्या दिवशीही तेच. अंग थोडं निवायचं आणि परत तापायचं. भिंगरी कान धरून भिंतीकडे तोंड करून पडायची, मध्येच "आजी" म्हणायची, आणि काय हवं ते विचारलं तर सांगायची नाही. म्हातारी ओल्या फडक्याने तिचं अंग पुसायची. फडकं सुकायचं तसं तिचं मन सुकत चाललं होतं. हौदात ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट झाली नाही असं कधी होत नसे. इथे तिने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं, एक गोष्ट सोडून, आणि ती एक तर तिने जास्त चांगली केली होती.

मग तिने पाजायच्या वेळा वाढवल्या. बाहेरून जळण घालायची हाक आली की आत पोरीलाही औषध. आगीला पाळी तशी तापाला पाळी. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. एवढं पातळ पाणी, त्याने काय होतंय. दिवसातून तीनदा हे मुलाचं बोलणं तिला आठवत होतं, पण मुलगा दिवसभर तिच्यासारखा पोरीशेजारी बसला नव्हता.

मुकादम डोकावून गेला. पोर कशी आहे विचारलं, उत्तर ऐकायला थांबला नाही. भट्टी उद्या उघडायची का परवा, एवढं विचारून गेला.

तिसऱ्या दिवशी पोरीला उलट्या सुरू झाल्या. पेज पोटात ठरेना, पाणी ठरेना. मग जुलाब लागले. म्हातारी भिजलेली फडकी एकामागून एक काढत होती, धूत होती, दोरीवर टाकत होती. दोरी पुरली नाही तेव्हा तिने ती हौदाच्या झाकणावर पसरली. हौदाच्या झाकणावर काही ठेवलेलं तिने आजवर कुणाचं खपवून घेतलं नव्हतं.

बाहेर भट्टी विझत आणली होती. उद्या उघडायची. सून एक फेरी मारून आत यायची, पोरीच्या कपाळाला हात लावायची, हात काळा म्हणून मनगट लावायची, आणि परत जायची. "दवाखान्यात न्यावं का?" असं तिने नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, उद्या भट्टी रिकामी झाली की नेऊ. त्याच्या डोक्यात तेव्हा काहीतरी टोचलं होतं, जुलाबावरून औषधवाला काहीतरी म्हणाला होता. पण त्याच वेळी भट्टीच्या भिंतीतला एक दगड सुटला आणि तो तिकडे धावला.

संध्याकाळी बाटलीतलं वरचं संपलं.

तळाला दोन बोटं दाट औषध राहिलं होतं. म्हातारी बराच वेळ ते धरून बसली. पोर आता रडतही नव्हती, नुसती कण्हत होती, आणि अंग असं तापलेलं की हात ठेववेना. वरचं सगळं दिलं, गुण आला नाही. मग गुण गेला कुठे? कुठे जाणार, खाली बसलाय. जोर तळाला असतो हे म्हातारीला कुणी सांगायला नको होतं. तिच्या दोन्ही तळहातांची कातडी त्या जोराने कितीदा गेली होती आणि परत आली होती.

तिने पिचकारी आत घातली. ते दाट तिच्यात चढेना. मग तिने चमचा घेतला.

आधी बोटाने चाटून बघितलं. जिभेवर काही भाजलं नाही. गोड होतं, नारिंगी वासाचं. तिने थोडा वेळ वाट बघितली, जिभेला काही होतंय का याची. काही झालं नाही. मग तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाजलं, एक, आणि पोर तोंड उघडून होती म्हणून आणखी एक, आणि बाटलीला चिकटलेलं होतं ते पाण्याने सोडवून तेही. पोरीच्या पोटात सकाळपासून काही राहिलं नव्हतं.

ताप उतरला. खरंच उतरला. कपाळाला घाम आला, कण्हणं थांबलं, पोर झोपली. सून आत आली तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हौद जमून आल्यावर असायचं तेच होतं.

"उतरला बघ," ती म्हणाली.

सुनेने मनगट लावून बघितलं. तिने सासूकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण उगाच शंका घेतली. ते तिला पुढे सगळ्यात जास्त लागलं.

सकाळी भट्टी उघडली. आभाळ खाली आलेलं, वारा पडलेला. सगळे घमेली घेऊन रांगेत उभे राहिले, मुकादम स्वतः छत्री काखेत मारून उभा. पाऊस यायच्या आत भाजलेला चुना छपराखाली न्यायचा होता. दुसरं काही बोलायला वेळ नव्हता.

आत म्हातारी पोरीला उठवत होती. पोर डोळे उघडायची, ओळखायची, परत मिटायची. डोळे आत गेलेले. ओठांना साल आलेलं. जीभ कोरडी, खडबडीत. म्हातारीने तिचं फडकं बदलायला घेतलं आणि तिला दिसलं की फडक्यावर जे आहे ते काळं आहे, डांबरासारखं, चिकट. आणि लघवी नाही. रात्रीपासूनचं फडकं कोरडं होतं. तिने आठवून बघितलं, काल संध्याकाळपासूनच नव्हती.

ती दारात आली. तिला मुलाला हाक मारायची होती, पण सवयीने तिच्या तोंडून हाक येईना. ती माणसाकडे नुसती बघायची, तेवढ्याने भागायचं. आज कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

सून घमेलं डोक्यावर घेऊन चालली होती. तिने बघितलं. तिने आधी सासूचा चेहरा बघितला, मग हातातलं फडकं.

तिने घमेलं खाली ठेवलं नाही, सोडलं. चुना मातीत सांडला. मुकादम काहीतरी म्हणाला. पाऊस तोंडावर आलाय, एक तासाने काय बिघडतंय, पोरं आजारी पडतातच, असं काहीसं. तिने ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती आत गेली, पोरीला उचललं, कोनाड्यातली रिकामी बाटली घेतली आणि बाहेर पडली. नवऱ्यापाशी थांबली तेवढीच.

"येताय की भट्टी बघताय?"

मुलाने फावडं भट्टीच्या तोंडाशी उभं केलं. ते पडलं. तो मागून निघाला. त्याच्यामागून म्हातारी, अनवाणी.

छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोरीला बघितलं, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच बसली नाही. त्यांनी काही विचारत बसण्याऐवजी गाडी बोलावली आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वाटेत पाऊस लागला. टपावर थेंब वाजायला लागले तेव्हा तिघांच्याही डोळ्यांसमोर उघडी भट्टी आली असणार.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने सुनेएवढीच होती. पोरीच्या हाताला सलाईन लावताना शीर सापडेना, तेव्हा तिने दुसऱ्या हाताची बघितली, मग पायाची. पोर जराही हलली नाही. लावून झाल्यावर ती तिघांकडे वळली.

"काय काय दिलंय हिला?"

"तापाचं औषध," मुलगा म्हणाला. "दवाखान्यातनंच घेतलेलं. सांगितल्याप्रमाणे दिलं. रेघेपर्यंत, तीनदा."

"उलट्या-जुलाब लागल्यावरही?"

मुलाचं नेहमी राहून जाणारं चौथं ते हेच होतं. ते त्याला आता आठवलं, औषधवाल्याच्या आवाजासकट: पोट बिघडलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, पाणी पिणं थांबलं, तर हे बंद करायचं आणि घेऊन यायचं. त्याचं तोंड दचकल्यासारखंच होतं, त्यामुळे डॉक्टरणीला त्यात नवीन काही दिसलं नाही. पण म्हातारीला दिसलं.

सुनेने ओच्यातून बाटली काढून दिली. डॉक्टरणीने ती उजेडात धरली, कालपरवा म्हातारीने धरली होती तशीच. तळाच्या कोपऱ्यात पांढरट थर अजून चिकटलेला होता.

"कोण पाजत होतं?"

खोलीत दुसऱ्या खाटांवरची माणसं होती. एक परिचारिका ट्रे घेऊन उभी होती. मुलगा म्हणाला, "घरातच, बायका..." आणि त्याचा हात अर्धवट बायकोच्या दिशेने गेला. मुद्दाम नसेल. हात कुठेतरी जातोच. सून खाली बघत राहिली. तिच्याकडे बोट आलं तर ते ती घेणार होती. त्या घरात बोटं तिच्याकडेच यायची.

"मी पाजलं," म्हातारी म्हणाली.

डॉक्टरणीने तिच्याकडे बघितलं.

"हलवलं नाही. हिने सांगितलं होतं हलवा म्हणून, मी ऐकलं नाही. वरचं वरचं देत राहिले. गुण येईना म्हणून जास्त वेळा दिलं, भट्टीत जळण पडायचं तेव्हा तेव्हा. काल वरचं संपलं. मग तळाचं दिलं. पिचकारीत येईना म्हणून चमच्यानं." ती थांबली. "बाटली धुऊनपण पाजली."

"चमचा केवढा?"

म्हातारीने बोटांनी दाखवला. हात स्थिर होता. डॉक्टरणीने कागदावर काहीतरी लिहिलं, परिचारिकेला काहीतरी सांगितलं, एक तपासणी वाढवली, पोटाचं एक औषध बदललं. रागावली नाही. रागावली असती तर म्हातारीला बरं वाटलं असतं; राग कसा घ्यायचा हे तिला माहीत होतं.

"औषध वाईट नाही," डॉक्टरीण म्हणाली, आणि ती हे मुलाकडे बघून म्हणाली. "बसतं म्हणून हलवून द्यायचं असतं. नाही हलवलं तर आधी पाणी मिळतं आणि शेवटी सगळं एकदम. त्यात पोरीच्या अंगात पाणी नव्हतं, पोटात अन्न नव्हतं. अशा वेळी ते आतड्याला सोलतं आणि लघवी बनवणारी मूत्रपिंडं बंद पाडतं. आता पाणी भरतोय. लघवी सुरू होते का बघायचं. ती झाली तर बरं."

"आणि नाही झाली तर?" सुनेने विचारलं.

डॉक्टरणीने त्याचं उत्तर दिलं, सरळ दिलं. ते इथे सांगायला नको. तिघांनी ते ऐकलं आणि त्यानंतर खोलीत एकच गोष्ट महत्त्वाची राहिली.

परिचारिकेने खाटेखाली एक भांडं ठेवलं. झाली की यात धरा आणि मला हाक मारा, असं तिने सुनेला सांगितलं. वरून म्हणाली, "तुम्हीच बघा हां. आजीबाईंना नको." म्हातारी तिथेच, हातभर अंतरावर बसली होती. तिने मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

थांबणं म्हातारीला येत होतं. साऱ्या जन्मात ती दुसरं काही शिकली नव्हती. पण हौदाशी थांबताना कानाला काहीतरी मिळायचं. बुडबुडा फुटल्याचा, पाणी शांत होत गेल्याचा आवाज. इथे सलाईनचा थेंब पडायचा आणि त्याचा आवाज येत नव्हता. तो थेंब पोरीच्या अंगात कुठे जाऊन बसतोय हे तिला दिसत नव्हतं. ती बघत राहिली. दुपार झाली. मुलगा बाहेरच्या बाकावर जाऊन बसला, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये. भट्टीवरून कुणीतरी निरोप घेऊन आलं होतं, अर्ध्याहून जास्त चुना पावसात फुटला, मुकादम दुसरी माणसं बघतोय. त्याने ऐकलं, बरं म्हणाला, आणि त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

सुनेने भांडं दोनदा धरलं. दोनदा कोरडं काढलं.

तिसऱ्या प्रहरी भिंगरी रडली. बारीक, कोरडं रडणं. पण आदल्या दिवसापासूनचं ते पहिलंच. सून पाणी आणायला गेली होती. म्हातारी उठली. आपण हात लावायचा की नाही हे तिला कळेना. तिने परिचारिकेकडे बघितलं, ती दुसऱ्या खाटेशी होती. पोर हात पुढे करत होती.

म्हातारीने खाटेवर बसून तिला सलाईनच्या नळीसकट सांभाळून मांडीवर घेतलं. पोरीने तोंड तिच्या पोटात खुपसलं आणि रडत राहिली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तळहात खरखरीत, कपड्याला अडकत होता.

मग तिला मांडीवर ऊब जाणवली.

आधी थोडी. मग पसरत गेली, मांडीवरून खाली, खाटेच्या चादरीत. म्हातारी हलली नाही. श्वाससुद्धा हळू घेतला, जणू हलली तर ते थांबेल. सून पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. सासूचं लुगडं ओलं झालेलं तिने बघितलं, आणि सासूचा चेहरा बघितला. तो चेहरा तिने इतक्या वर्षांत बघितला नव्हता.

परिचारिका धावत आली. भांड्यात धरायची होती, मोजायची होती, असं ती म्हणत होती.

"पिळून देऊ का?" म्हातारी म्हणाली.

परिचारिकेला हसू आलं. सुनेला आलं नाही. ती खाली बसली, जिथे होती तिथेच, तांब्या हातात तसाच.

म्हातारीने तो ओला कपडा संध्याकाळपर्यंत बदलला नाही. बदलायला दुसरा परिचारिकेने दिला होता.

भिंगरी वाचली. लगेच नाही; बरेच दिवस सलाईन, बरेच दिवस पेज, आणि मधल्या काळात दोनदा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी आली तेव्हा तिला उभं राहून फिरायचं बळ नव्हतं, म्हणून ती बसल्या बसल्या मान फिरवायची. भट्टीवर मुलाच्या जागी त्याच्याच हाताखालची माणसं लागली होती. मुलगा त्यांच्याकडे जळण ओढायला जायला लागला. कालपर्यंत तो ज्यांना ओरडायचा ते आता त्याला ओरडत, आणि तो बरं म्हणायचा. हौद म्हातारीकडेच राहिला, कारण हौद सांभाळायला दुसरं कुणी मिळालं नाही.

थंडीच्या तोंडावर पोरीला परत ताप आला.

या वेळी सून घेऊन गेली. आधीचं औषध हिला इतक्यात द्यायचं नाही, असं मोठ्या दवाखान्याने बजावलं होतं. तो कागद तिने डॉक्टरांना दाखवला. त्यांनी वजन केलं आणि दुसरं औषध दिलं, नवी पिचकारी, नवी रेघ. औषधवाल्याने सांगितलं ते सगळं तिने दुकानातच दोनदा म्हणून घेतलं, आणि वाटेत पोरीलाही ऐकवलं.

घरी आल्यावर तिने बाटली कोनाड्यात ठेवली. पोरीला भात भरवला. मग बाटली घेतली. म्हातारी दारात बसून होती, हौदावरून नुकतीच आलेली, हातांना पांढरं लागलेलं. सुनेने क्षणभर बाटली तशीच धरली. सवय कुठे जाते; तिचा पाय आपोआप मागे सरला, नडगी दिसू नये असा.

म्हातारीने नडगीकडे बघितलं नाही. बाटलीकडे बघितलं.

सुनेने बाटली हलवली. वरचं पातळ ढगाळलं. तिने पिचकारी उचलली.

"थांब," म्हातारी म्हणाली.

सून थांबली.

म्हातारी जमिनीला हात टेकून उठली, जवळ आली, डोळे बारीक करून तिने बाटलीच्या बुडाकडे बघितलं. काच आणि औषध यांच्या मधली ती बारीक फिकट रेषा त्या घरात दुसऱ्या कुणाला दिसली नसती.

"खालच्या कोपऱ्यात आहे अजून," ती म्हणाली. "हलव. जोरात हलव."